दुधनीला पाठवलेली डिस्क

शुक्रवार पेठ, सोलापूर
८ जून २०२५

तीर्थरूप अव्वांना,
शरणु शरणार्थी.

तिप्पण्णामामा उद्या दुधनीला येणार आहेत, म्हणून घाईघाईने लिहिते आहे. फोनच केला असता. पण कानाच्या यंत्रानेही ऐकू येईना म्हणून तुम्ही ते डब्यात घालून ठेवलंय, समोरच्याचं तोंड बघून समजून घेता आणि फोनवर नुसतं 'हं हं' म्हणता, हे मला आता कळलंय. गेल्या महिन्यात मी काव्याला ताप आहे म्हटलं, तर तुम्ही 'लई छान, लई छान' म्हणालात. तेव्हा आपलं पत्रच बरं.

एक विचारायचं होतं. ह्यांचा लॅपटॉप आता फारच रखडतो. बटण दाबून मी कुकर लावते, शिट्ट्या होतात, भात उतरतो, तरी पडद्यावर ते गोल चक्र फिरतच असतं. काव्या नववीत गेली. शाळेचं निम्मं काम आता त्याच्यावरच असतं. नवा घेऊ या का म्हटलं, तर म्हणाली, "आप्पांचाच पाहिजे." ती एवढंच बोलते हल्ली.

दुरुस्तीवाल्याला दाखवला. त्याने कान लावून ऐकलं आणि म्हणाला, "भाभी, ये थक गया." आत एक डिस्क असते. तिच्यातली तबकडी सतत फिरते आणि सगळं तिच्यावर साठवलेलं असतं. ती झिजली आहे, मधेच टकटक करते. ती काढून एसएसडी नावाची नव्या जातीची बसवली, तर हाच लॅपटॉप पळायला लागेल. जुनीवरचं सगळं नवीवर उतरवून देतो म्हणाला. ह्यांचे फोटो आहेत, कामाचे कागद आहेत, तेवढं सगळं.

तुम्हाला विचारल्याशिवाय ह्यांच्या वस्तूला हात लावायचा नाही, असं मी मनाशी ठरवलेलं आहे. हे गेल्यावर मी ह्यांच्या चपला देऊन टाकल्या होत्या, तेव्हा तुम्ही जेवायचं सोडलं होतं. चार वर्षं झाली त्याला, पण मी विसरले नाही. तेव्हा काय करू ते कळवा.

तुमची
भुवनेश्वरी


दुधनी
१५ जून

चि. भुवनाला अव्वाचा आशीर्वाद.

पत्र पोचलं. ह्या पत्रासंगट शेंगाचटणी आन् कडक भाकरी धाडतेय. तिप्पण्णाला सांगितलंय, वाटेत डबा उघडायचा न्हाय. उघडणारच. त्याच्या मिशीवर बघ, चटणी दिसंल.

लॅपटॉपाचं वाचलं. मशीन म्हातारं झालं की आतला भाग बदलायचा आन् ते परत पळणार. बरं हाय की त्याचं. माझे गुडघे कुणी बदलत न्हाय. कर, बदलून घे. पोरगी शिकली पायजे. शिवू असता तर त्यानंच केलं असतं, मला विचारलंसुदीक नसतं.

पण ते जुनं काढतील त्याचं काय करतात? भंगारात घालत असतील. तसं करू देऊ नको. भुवना, माझ्या पोराचं माझ्याकडं काय हाय, सांग. एक त्याच्या गळ्यातलं लिंग हाय. दवाखान्यातनं प्लास्टिकच्या पिशवीत आलेलं. मोबाईल तुझ्याकडं ऱ्हायला, पट्टा तुझ्याकडं ऱ्हायला. राख म्हणून मडकं दिलं, ते कुणाचं कुणास ठाव.

आपल्यात जाळत न्हाईत. आंघोळ घालून, तळहातावर लिंग देऊन, मातीत बसवतात. माझ्या पोराला जाळलं. मी कुणाला बोल लावत न्हाय. कोरोनाच्या त्या दिवसात सगळ्यांचं तसंच झालं, आन् तू सोता तापात पडलेलीस. पण ज्याचं लिंग त्याच्यासंगट जायाचं असतंय. ह्ये हितं देवघरात बसलंय. रोज पूजेला बसले की मला विचारल्यागत करतंय, मी कुटं जाऊ म्हणून.

जुनं काढलेलं मला दे. मी जपंन.

चन्नम्मा


शुक्रवार पेठ
२९ जून

तीर्थरूप अव्वांना,
शरणु.

काम झालं. मी दुकानात समोर बसून राहिले. त्याने लॅपटॉप पालथा घातला, बारीक स्क्रू काढून एका झाकणात ठेवले आणि पाठ उघडली. आतल्या पंख्यावर कापसासारखी धूळ बसली होती. ब्रशने झाडली तेव्हा तिच्यात एक लहान, मऊ केस निघाला. काव्या ह्यांच्या मांडीवर बसून चित्रं बघायची, तेव्हाचा असेल. मी तो उचलून पर्समध्ये ठेवला. दुरुस्तीवाल्याने बघून न बघितल्यासारखं केलं.

जुनी डिस्क तळहातावर मावेल एवढीच आहे. चांदीच्या रंगाची, दिसते त्याहून जड. नवी अगदी हलकी, तिच्यात काही आहे असं वाटतच नाही. त्याने दोन्ही एकमेकींना जोडून ठेवल्या. जुनीतलं नवीत उतरत होतं. जुनी मधेच अडायची, टकटक करायची, मग पुन्हा चालायची. मला तिथं बसवेना आणि उठवेना. ह्यांच्या वेळी मी दवाखान्याच्या बाहेर बसू शकले नव्हते. ते बसणं बहुतेक आता करून घेतलं.

आता बटण दाबलं की लगेच उघडतो. काव्या हसली. मला म्हणाली, "आई, आता तुझा भात कच्चा राहणार." बऱ्याच दिवसांनी तिने थट्टा केली.

मला मात्र एक चुकल्यासारखं वाटतं. हे काम घेऊन दुधनीला यायचे तेव्हा तुम्ही लॅपटॉपवर हात ठेवायचात, आठवतं? "आत मांजर हाय की रे," म्हणायचात. ती घरघर आता नाही. फिरणारं काही आत उरलेलंच नाही. हात ठेवला तर काहीच लागत नाही.

दुरुस्तीवाला म्हणाला, जुनी लगेच टाकू नका, सगळं एकदा उघडून बघा आणि तोवर ती जपून ठेवा. मी उघडून बघितलं नाही. फोटो ओळीने दिसले, तेवढ्यावर मिटलं. माझ्याच्याने होत नाही, अव्वा. आणि जपून ठेवायचं म्हणाल तर माझ्याकडं कपाट उघडलं की सामान अंगावर येतं. तुमच्या देवघरापेक्षा चांगली जागा कुठली? म्हणून मामांबरोबर पाठवते आहे.

तुमची
भुवनेश्वरी

ता. क. मामांच्या मिशीवर चटणी होती.


दुधनी
१२ जुलै

चि. भुवनाला आशीर्वाद.

डिस्क मिळाली. जितं ठेवायला पायजे तितं नीट ठेवली. आता तिची काळजी करू नको.

मी बरी हाय. मला झोप लागाय लागलीय. पडले की लागते. मायाक्का सकाळी दूध घेऊन येते, ती म्हणाली, अव्वा, दार वाजवून हात दुखले की. मी म्हटलं, बये, मी भैरी, त्यात झोपलेली, तू दार वाजवतीस कशाला, पोरीसारखी भिंतीवरनं उडी मार.

आवंदा पाऊस बरा हाय. तूर उगवून आलीय. काव्याला म्हणावं, केस कापू नको. शाळंत सांगत असतील तर मला पत्र लिहायला सांग त्या बाईंना.

चन्नम्मा


शुक्रवार पेठ
३ ऑगस्ट

तीर्थरूप अव्वांना,

काल काव्याचा वाढदिवस झाला. तुम्ही पाठवलेलं परकराचं कापड तिला आवडलं. केक तसाच आहे.

एक गोष्ट मी तुमच्यापासून लपवून ठेवली होती. लॅपटॉपवर ह्यांचा आवाज होता.

काव्या दुसरी-तिसरीत होती तेव्हा हे ठिबकच्या कामाला जेऊर-करमाळ्याकडे जायचे आणि मुक्काम पडायचा. तिचं श्रुतलेखन कच्चं होतं. मग हे निघण्याआधी लॅपटॉपसमोर बसून बोलून ठेवायचे. एक वाक्य सांगायचे. मग गप्प बसायचे, ती लिहील एवढा वेळ. मग म्हणायचे, "लिहिलंस? चल, पुढं." ती वही घेऊन समोर बसायची आणि खरोखर मान हलवायची, जसं काही ते बघतायत. कधी मागून चहाचा कप ठेवल्याचा आवाज यायचा, कधी माझाच आवाज, भाजी संपली म्हणून.

तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुम्हाला ऐकू येत नाही. तुमच्या मुलाचा आवाज माझ्या घरात आहे आणि तो तुमच्यापर्यंत पोचू शकत नाही, हे मी कुठल्या तोंडाने लिहिणार होते?

हे गेल्यापासून काव्या दर वाढदिवसाला त्यातलं एकच लावते. संपून जाऊ नयेत म्हणून एकच. काल सकाळी वही घेऊन बसली. नाव दिसलं, आवाज आला नाही. दुसरं लावलं, तिसरं लावलं. सगळी नावं जागच्या जागी आहेत आणि आत काही नाही. एकच चाललं. "अंगणात चिमण्या आल्या." मग ह्यांचा तो गप्प बसण्याचा वेळ. मग "लिहिलंस?" आणि तिथंच थांबलं. 'चल, पुढं' आलंच नाही. काव्या पेन धरून तशीच बसली होती. मी हाक मारली तर म्हणाली, "थांब, आई. ते म्हणतील."

दुरुस्तीवाल्याकडे धावत गेले. जुनी डिस्क जिथं झिजली होती, तिथलं नवीवर उतरलंच नाही, त्या जागा रिकाम्याच गेल्या. पण तो म्हणतो, जुनी आणा. पुण्याला एक ठिकाण आहे, तिथं डिस्क उघडून आतलं काढून देतात. निघेलच असं नाही, पण निघू शकेल. म्हणजे अजून सगळं गेलेलं नाही, अव्वा.

डिस्क मामांबरोबर लगेच पाठवा. कोरड्या कापडात गुंडाळा. तिला पाणी, तेल, उदबत्तीची राख काहीही लागू देऊ नका.

भुवनेश्वरी


दुधनी
१० ऑगस्ट

चि. भुवना,

पत्र वाचलं. परत वाचलं. तिप्पण्णा दारात थांबला हुता, त्याला म्हटलं, तू जा, आज काय न्यायचं न्हाय.

डिस्क देवघरात न्हाय.

तू धाडलीस त्या दिवशी मी ती डाव्या तळहातावर घेतली. पूजेला लिंग घेतो तशी. बरोबर मावली. मला वाटलं, ह्ये लिंग इतकी वर्सं ज्याची वाट बघत बसलं हुतं, ते आलं. पोराचं अंग मिळालं न्हाय. पण रोज त्याच्या हाताखाली फिरत हुतं, त्याचं काम, त्याचे फोटो ज्यात हायत, ते तरी आलं.

सोमवारी केलं. कोमट पाणी केलं आन् तिला आंघोळ घातली. माझ्या पोराला शेवटची आंघोळ कुणी घातली न्हाय. फडक्यानं पुसली, विभूती लावली, पांढऱ्या कापडात गुंडाळली. मठातल्या अय्यांना बोलावलं. ते म्हणाले, अव्वा, ह्ये काय? मी म्हटलं, माझा शिवकुमार हाय. ते मंत्र म्हणाय लागले. शेतात तुझ्या सासऱ्याच्या समाधीशेजारी खड्डा घेतला, आपल्यात घेतात तसा, बाजूनं कोनाडा कोरून. त्यात ती उभी बसवली. फुडं लिंग ठेवलं. बेलाची पानं घातली, विभूती घातली, मीठ घातलं. माती लोटली. घरी येऊन जेवले. पोटभर जेवले ग, भुवना. त्या दिवसापासनं झोप लागाय लागली.

तुला कळवलं न्हाय. तुला वाटलं असतं, म्हातारीचं डोकं फिरलं. आन् तू आली असतीस, रडली असतीस, मग मलाबी परत सगळं रडावं लागलं असतं.

मला काय ठाव, त्यात तो बोलत हुता. मी त्याच्या तोंडात मीठ घातलं.

आवाजाचं सांगायचं हुतंस. मी रागावले न्हाय. मला कान न्हाईत, पण हात हायत की. मांजर कळत हुतं ते हातानंच ना?

आता तू सांग. एकदा बसवलेलं आपल्यात उकरत न्हाईत. पण काव्या जिती हाय. तू म्हणशील तसं करंन.

चन्नम्मा


दुधनी
२७ ऑगस्ट

चि. भुवना,

तुझं पत्र आलं न्हाय. तिप्पण्णा येऊन गेला, परत येऊन गेला. लांबनंच हात हलवून दाखवायचा, काय न्हाय म्हणून. त्याला सगळं ठाव हाय. आता डबा दिला तर उघडत न्हाय, तसाच घेऊन जातो.

तू उकरा म्हणून लिहू शकत न्हाईस. ऱ्हाऊ द्या म्हणूनसुदीक लिहू शकत न्हाईस. मला उशिरा कळलं. तुला विचारायलाच नको हुतं.

काल मी गेले. गडी बोलावला न्हाय. अय्यांना विचारलं न्हाय. ते न्हाय म्हणाले असते आन् मग मला ऐकावं लागलं असतं. खुरपं घेऊन गेले. माती ओली हाय, काळी, हात सोडत न्हाय. मायाक्का लांबनं बघून पळत आली, म्हणाली, अव्वा, काय करता! मी म्हटलं, पोराला उठवतेय. ती तितंच खाली बसली. मग उठून माझ्यासंगट माती काढाय लागली.

कापड काळं पडलंय. मीठ पाणी ओढतंय. मला ठाव न्हाय का? जन्मभर लोणचं घालत आले. त्या दिवशी कसं आठवलं न्हाय?

तू पाणी लावू नका म्हणाली हुतीस, म्हणून पुसली न्हाय. तशीच कागदात बांधून धाडतेय.

लिंग कोनाड्यातच ठेवलंय. ते परत वर आणायचं माझं धाडस झालं न्हाय. खड्ड्यावर शहाबादी फरशी ठेवलीय. रोज जाऊन बघून येते. असा खड्डा उघडा ठेवू नये म्हणतात. त्यो बुजवू का, तेवढं तरी कळव.

चन्नम्मा


शुक्रवार पेठ
१४ सप्टेंबर

तीर्थरूप अव्वांना,
शरणु.

मामांनी पुडकं दिलं. मी ते उघडलं नाही, दुरुस्तीवाल्याच्या हाताने तसंच पुण्याला पाठवलं. काल परत आलं. आत पाणी गेलं होतं, मीठ गेलं होतं, तबकडी गंजली आहे. काही निघणार नाही, पुन्हा प्रयत्न करू नये, असं कळवलंय.

मी तुमच्यावर रागावले होते. खोटं कशाला लिहू? तुमचं पत्र आलं त्या दिवशी 'उकरा' असं लिहिलं आणि फाडलं. 'राहू द्या' लिहिलं आणि तेही फाडलं. दीड तासाचा रस्ता, निघून येऊ शकले असते. आले नाही. दारात उभी राहिले असते, तर तुम्ही माझं तोंड बघूनच समजला असतात, आणि मला ते दाखवायचं नव्हतं. मग माझ्या गप्प बसण्याचा अर्थ तुम्हाला लावावा लागला, आणि ह्या वयात खुरपं घेऊन तिथं बसावं लागलं. ते दृश्य माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

ती डिस्क आधीच जात होती. तुम्ही आंघोळ घातली नसती, तर आवाज निघाला असता का? दुरुस्तीवाल्याला विचारलं, तो मान खाली घालून म्हणाला, "अब क्या बोलूं, भाभी." हे आता कुणीच सांगणार नाही. मी उघडून न बघता पाठवली, तुम्ही विश्वासाने घेतली. हे न कळणं आपल्या दोघींना मिळून सांभाळावं लागेल.

काल काव्याला सगळं सांगितलं. काही वगळलं नाही. मला वाटलं होतं, ती आरडाओरडा करेल. ती नखं बघत बसली. मग म्हणाली, "अज्जीनं पाणी गरम केलं होतं का?" मी म्हटलं, कोमट केलं होतं. "मग ठीक आहे," म्हणाली. नंतर आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. मी बाहेर बसून राहिले.

पुढच्या रविवारी आम्ही दोघी येतोय. लॅपटॉप घेऊन येते. ते एक वाक्य आहे अजून. आज सकाळी मी कानात कापूस घातला, आवाज सगळा वाढवला आणि आवाज निघतो त्या जाळीवर डावा तळहात ठेवला. अव्वा, लागतं. मांजरासारखं नाही, तुटक तुटक. चिमण्या येतात तेवढं हातात थरथरतं, मग ह्यांचा गप्प बसण्याचा वेळ, मग एकदाच, 'लिहिलंस?' तुम्ही हात ठेवा. काव्या तुम्हाला बोटाने दाखवेल, आता कुठला शब्द चाललाय ते. त्याच्या पुढं काही नाही, हेही तीच दाखवेल.

जुनी डिस्क कोरड्या कापडात ठेवली आहे. ती घेऊन येतोय. अय्यांना सांगून ठेवा. तुम्ही पाणी तापवा, ह्या वेळी आंघोळ काव्या आणि मी घालू.

खड्डा बुजवू नका.

तुमची
भुवनेश्वरी